बुधवारची कचरागाडी

आ-लुआनला शिक्षकांची भीती नव्हती. तिला त्यांच्याबद्दल आदर होता, आणि तो भीतीपेक्षा महाग पडतो. भिणारा माणूस कधी ना कधी वैतागून उलट बोलतो तरी. आदर करणारा फक्त मान डोलावतो आणि घरी जाऊन निस्तरत बसतो.

ताइनानच्या जुन्या भागात एका गल्लीच्या तोंडाशी तिचं न्याहारीचं दुकान होतं. अंड्याची पोळी, मुळ्याच्या वड्या, सोयाचं दूध, गरम किंवा गार. मागच्या दोन खोल्यांत ती आणि तिची मुलगी सिन-रुइ राहत. पहाटे तवा तापायचा आणि दुपार व्हायच्या आत उतरायचा. मधल्या वेळात आ-लुआनच्या तोंडून ‘होय होय, लगेच’ याखेरीज फारसं काही निघायचं नाही.

हे ‘होय’ तिने माहेराहून आणलं होतं. समुद्रकाठी मासे पाळायच्या तळ्यांच्या गावात ती वाढली. शाळेत मास्तर छडीने हात लाल करायचे, आणि संध्याकाळी तिचे वडील त्याच मास्तरांकडे माशांची टोपली पोचवायचे, पोरीसाठी एवढे कष्ट घेतले म्हणून. पुढे शहरात बुटांच्या कारखान्यात मुकादमाला होय, लग्नानंतर सासूला होय. कारखाना चीनला हलला तेव्हा तिथेच कामाला असलेला नवरा देखरेखीला म्हणून मागोमाग गेला. ‘दोन वर्षांत येतोच’ म्हणाला, तिने होय म्हटलं. तो तिकडे असा काही रमला, की आता नव्या वर्षाला फोनवर बोलणं होतं, तेही फोन हिनेच केला तर.

मुलगी जन्मली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, ही सगळं उशिरा शिकेल, आणि काही गोष्टी शिकणारच नाही. आ-लुआनने डॉक्टरांनाही होय म्हटलं. पण घरी येताना रिकाम्या बसमध्ये ती तोंडात रुमाल कोंबून रडली. सिन-रुइ आता अठराची होती. विशेष मुलांच्या वर्गात तिचं शेवटचं वर्ष चालू होतं, आणि त्या वर्गाच्या शिक्षिका होत्या जिएन बाई.

जिएन बाई चांगल्या होत्या, हे आधीच सांगितलेलं बरं. त्या मुलांवर कधी ओरडल्या नाहीत. शाळेच्या वेळेनंतर थांबून त्यांनी बुटाची नाडी बांधण्यापासून भात धुण्यापर्यंत प्रत्येक कामाची चित्रं काढली. घरी लावा म्हणून पालकांना दिली. पालकांशी कसं बोलावं, यावर त्या इतर शिक्षकांना व्याख्यानंही देत. त्या व्याख्यानांत त्या सांगत, “आपण मनापासून बोललं, की पालकही मनापासून बोलतात.” समोरचे शिक्षक टाळ्या वाजवत. पालकांना व्याख्यानाला बोलावण्याची पद्धत नव्हती.

त्यांचा मोबाइलवर पालकांचा एक ग्रुप होता. बाई लिहीत, ‘या आठवड्यात दात स्वतः घासू द्या, मध्ये हात घालू नका.’ खाली ओळीने वाकून नमस्कार करणाऱ्या सशांची, अस्वलांची आणि बदकांची चित्रं उमटत. आ-लुआनचा ससा बहुतेक वेळा पहिला असे. मग ती ब्रशवर पेस्ट लावून तो सिन-रुइच्या हातात देई, फोटो काढी, पाठवी आणि ब्रश परत घेऊन मुलीचे दात घासून टाकी. दुकान उघडायचं असे. मुलीने स्वतः घासायचे म्हटले, तर पहिल्या गिऱ्हाइकाची पोळी दुपारी निघाली असती. हे बाईंना सांगायला काय हरकत होती? हरकत एवढीच, की बाईंना वाईट वाटलं असतं.

या सगळ्यात कचऱ्याचं काम मात्र खरोखर जमलं होतं. बाईंनी वर्गात खोक्यांची गाडी केली, मोबाइलवर कचरागाडी येताना वाजते ती धून लावली, आणि मुलांना शिकवलं, की धून ऐकू आली की उठायचं, पिशवीला गाठ मारायची, गल्लीच्या टोकाला जाऊन गाडीत टाकायची. सिन-रुइला हे काम मनापासून आवडलं. घरीही ती धून ऐकली की उठू लागली. आ-लुआन नुसती मागे चालायची. संध्याकाळी पाचनंतर सगळी गल्ली पिशव्या घेऊन कोपऱ्यावर जमते, त्या गर्दीत आपली मुलगीही आपली पिशवी घेऊन उभी आहे, हे बघून तिला भरून यायचं. एरवी याच लोकांसमोर मुलीला आणायला ती कचरायची.

मग भानगड झाली. शेजारच्या को वहिनींची यु-जिए पियानो शिकत होती, आणि पियानो शिकणाऱ्या पोरांना जी धून सगळ्यात आधी घोटायला देतात, ती नेमकी कचरागाडीची. एका दुपारी यु-जिए सरावाला बसली आणि सिन-रुइ उठली. हाताला लागली ती पिशवी घेऊन निघाली. त्या पिशवीत नुकतेच बाजारातून आणलेले मासे होते. ते गल्लीच्या टोकाला कुत्र्यांनी आनंदाने संपवले. दुसऱ्या खेपेला दुकानाचे धुतलेले एप्रन गेले.

त्याच संध्याकाळी बाईंनी विचारलं, ‘सिन-रुइची आई, कचऱ्याचं कसं चाललंय?’ आ-लुआनने लिहिलं, ‘बाईंच्या मेहनतीमुळे अगदी छान,’ आणि ससा पाठवला. नंतर ती पेरूंची पिशवी घेऊन को वहिनींकडे गेली आणि अर्धा तास हवापाण्याच्या गप्पा मारून शेवटी दारात म्हणाली, की यु-जिए किती गोड वाजवते, हेच संध्याकाळी पाचनंतर वाजवलं तर अजून गोड लागेल. को वहिनी हुशार होत्या. दुसऱ्या दिवसापासून यु-जिएचा सराव गाडी येते त्याच दिवशी, गाडीच्या वेळेला होऊ लागला. गल्लीत दोन धुनी एकदम वाजायच्या, एक बरोबर आणि एक अडखळत, आणि सगळं सुरळीत झालं. जिएन बाईंनी पुढच्या व्याख्यानात सिन-रुइचं उदाहरण दिलं.

शाळा संपत आली तशी आ-लुआनला पुढची काळजी लागली. शाळा संपली की ही दिवसभर घरी, आपण तव्यापाशी, आणि उद्या आपलं काही झालं तर? नवऱ्याचा पत्ता नाही, माहेरी भाऊ-भावजय आहेत त्यांचं त्यांनाच पुरत नाही. हा विचार ती दिवसा टाळायची, तरी अंडं फोडताना मध्येच यायचा. अशात बाईंचा फोन आला. देवळामागे अशा मुलांची एक बेकरी होती, अननस भरलेल्या वड्या करायची. तिथे एक जागा रिकामी होत होती. एकच. तिथले फान सर घरी येऊन मुलगी एखादं काम कुणीही न सांगता स्वतः करते का ते बघणार होते. केलं तर जागा तिची.

“कोणतं काम ते मी त्यांना आधी सांगितलेलं नाही,” बाई आनंदाने म्हणाल्या. “आपण त्यांना कचऱ्याचंच दाखवू. बुधवारी संध्याकाळी येतो आम्ही. बुधवारी मला मोकळीक असते.”

ताइनानमध्ये बुधवारी कचरागाडी येत नाही. बुधवारी नाही आणि रविवारी नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. जिएन बाईंना ठाऊक नव्हतं. त्या अकराव्या मजल्यावर राहत, आणि त्यांच्या इमारतीच्या तळघरात कचऱ्याची खोली होती. तिथे कुठल्याही वारी पिशवी टाकून यावी, गाडीमागे धावायची गरज नाही. कचरा टाकायला त्यांनी कित्येक मुलांना शिकवलं होतं, पण गाडीत पिशवी टाकायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

आ-लुआनने तोंड उघडलं. “होय बाई,” ती म्हणाली. “आभारी आहे बाई.”

फोन ठेवून तिने तव्याखालचा गॅस बंद केला. मग एप्रन सोडून समोरच्या कुन-शान काकांकडे गेली. काका पूर्वी टॅक्सी चालवायचे, आता दारात खुर्ची टाकून गल्ली चालवायचे.

“गाडी नाही येणार,” सगळं ऐकून काका म्हणाले. “मग बाईंना एक फोन कर. बुधवारी गाडी नसते म्हणून सांग. संपलं.”

“असं कसं सांगू काका? त्यांनी एवढ्या हौसेने ठरवलंय. फान सरांपुढे त्यांचं तोंड पडेल.”

“मग काय करणार आहेस?”

“यु-जिए धून वाजवेल. धून ऐकली की सिन-रुइ उठतेच. तुम्ही सगळे फक्त पिशव्या घेऊन कोपऱ्यावर उभे राहा. गाडीला उशीर झालाय असं म्हणू. पाहुणे काय तिथे गाडीची वाट बघत थांबतायत थोडेच.”

काकांनी चष्मा काढून तिच्याकडे नीट बघितलं. “म्हणजे एक वाक्य बोलायचं नाही म्हणून अख्खी गल्ली कचरा घेऊन उभी करायची. आणि हे तुला सोपं वाटतं?”

“हो काका,” आ-लुआन म्हणाली. तिला खरंच ते सोपं वाटत होतं.

को वहिनी हसून हसून लोळल्या, पण तयार झाल्या. “यु-जिए, मी सांगेपर्यंत थांबायचं नाही हं,” त्यांनी लेकीला बजावलं. “चुकलीस तरी वाजवत राहा.”

“मी तशीच वाजवते,” यु-जिए म्हणाली.

बुधवारी जिएन बाई नवा स्कार्फ घालून आल्या. फान सर बेकरीतल्या वड्यांचा डबा घेऊन आले. तरुण माणूस, जाड भुवया, बोलणं कमी. आ-लुआनने पेरूच्या फोडी मांडल्या. सिन-रुइ टेबलापाशी बसून दुकानाच्या कागदी पिशव्यांच्या घड्या घालत होती. हे काम तिचं रोजचंच होतं, पण बाईंच्या चित्रांत ते नव्हतं, म्हणून कुणी तिकडे बघत नव्हतं.

“आता बघा,” बाई फान सरांना हळूच म्हणाल्या. “मी काही बोलणार नाही, आई काही बोलणार नाहीत. गाडीची धून आली की ही स्वतः उठून कचरा टाकून येईल.”

“आज?” फान सरांनी विचारलं.

“आत्ताच.”

फान सरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे एकदा बघितलं आणि पेरूची फोड तोंडात टाकली. आ-लुआनने ते पाहिलं. हा माणूस आपला कचरा आपण टाकतो, तिला कळून चुकलं.

तेवढ्यात शेजारी पियानो सुरू झाला. बाहेर स्लिपरांचा आवाज आला, पिशव्या खसखसल्या. को वहिनी कुणाला तरी ‘आज गाडी फारच उशीर करतेय बाई’ असं गरजेपेक्षा मोठ्याने सांगत होत्या. कुन-शान काकांना राहवलं नाही, ते ओरडले, “आली आली!”

सिन-रुइने एक घडी घातली. मग दुसरी घातली.

बाई थांबल्या. त्यांच्या पद्धतीत आधी थांबायचं असतं. नंतर त्यांनी डोळ्यांनी कचऱ्याच्या पिशवीकडे खूण केली. मग बोट दाखवलं. मग बोलल्या, “सिन-रुइ, धून वाजतेय ना? धून वाजली की काय करायचं असतं?”

“पिशव्या,” सिन-रुइ म्हणाली आणि घडी घातली.

पद्धतीतली शेवटची पायरी हाताला धरायची. बाईंनी तिचा हात हलकेच धरला. सिन-रुइने तो सोडवून घेतला. “नाही.”

“घरी पाहुणे आलेत म्हणून गोंधळलीय,” बाई फान सरांना म्हणाल्या. त्यांचे कान लाल झाले होते. “वर्गात ती पहिली उठते. पण असं असेल तर... तुम्ही ही जागा दुसऱ्या कुणाला द्या. शाळा संपली तरी मी अजून वर्षभर तयारी करून घेईन. घाई केली म्हणायची मीच.”

आ-लुआनला ऐकू आलं ते एवढंच, की जागा गेली. पियानो चालूच होता. दरवेळी जिथे अडखळतो तिथे अडखळून पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होता.

“गाडी नाही,” सिन-रुइ म्हणाली.

“असं नाही म्हणायचं. ऐक बरं, काय वाजतंय?”

“यु-जिए.” सिन-रुइने भिंतीकडे बोट केलं. मग कॅलेंडरकडे केलं. “आज बुधवार.”

बाई वळल्या. “सिन-रुइची आई, ही असं काय बोलतेय?”

आ-लुआनच्या ओठांवर ‘होय बाई’ आलंच होतं. आजवर त्या दोन शब्दांनी तिचं सगळं निभावलं होतं. ती मुलीला बरोबर म्हणाली असती, तर बाई चुकीच्या ठरत होत्या, आणि बाहेर कचरा घेऊन उभी असलेली माणसं आणि ती स्वतः, सगळेच लबाड ठरत होते. आणि गप्प राहिली असती, तर तिची मुलगी शिकली नाही असं ठरत होतं. मुलगी शिकली होती, रोज दोन धुनी ऐकून गाडीची कुठली ते ओळखायलाही. आईने लावलेल्या सापळ्यात ती अडकली नव्हती. आ-लुआनला स्वतःची इतकी लाज यापूर्वी कधी वाटली नव्हती. धून वाजली की ही उठणार, आपली पोरगी म्हणजे बटण दाबलं की हलणारं खेळणं, असंच तीही धरून चालली होती. बाई निदान तिला दिवसातून काही तासच बघत होत्या.

“तिचं बरोबर आहे बाई,” ती म्हणाली. “बुधवारी गाडी नसते. तुम्ही दिवस सांगितलात तेव्हाच मला ठाऊक होतं. मी बोलले नाही. पियानो मीच वाजवायला लावला. बाहेरची माणसंही मीच उभी केलीत. तिला यातलं काही माहीत नाही. माझ्या चुकीपायी तिची जागा घालवू नका.”

बाई गळ्यातल्या स्कार्फचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

फान सर उठून सिन-रुइच्या शेजारी जाऊन बसले. “आज गाडी नाही?”

“नाही. उद्या.”

“मग ही बाहेरची माणसं कचरा घेऊन का उभी आहेत?”

सिन-रुइ उठून दाराशी गेली. कोपऱ्यावर कुन-शान काका दोन पिशव्या घेऊन उभे होते, को वहिनींकडे एक होती, आणि मागे गल्लीतली आणखी पाचसहा शहाणी माणसं रिकाम्या रस्त्याकडे बघत होती. सिन-रुइने त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. तिला त्यांची दया आल्यासारखी दिसली.

“त्यांना कुणी सांगितलं नाही,” ती म्हणाली.

आणि ती बाहेर गेली. प्रत्येकासमोर उभी राहून तिने सांगितलं, “आज बुधवार. गाडी नाही. घरी जा.” को वहिनींनी एकदा आ-लुआनकडे बघितलं आणि खाली मान घालून पिशवी घरात नेली. कुन-शान काका म्हणाले, “अरे हो की! म्हातारपणी लक्षातच राहत नाही बघ,” आणि तेही गेले. मग ती को वहिनींच्या खिडकीखाली जाऊन ओरडली, “यु-जिए, पुरे!” पियानो थांबला.

“शाळा संपली की पुढच्या सोमवारपासून पाठवा,” फान सर म्हणाले. “भट्टी चालू असताना लोक आयत्या वेळी ऑर्डरी घेऊन येतात, त्यांना ‘आज नाही’ सांगणारं कुणीतरी मला हवंच आहे.” एक वडी तोंडात टाकून ते निघाले. त्यांना भट्टीवर परतायचं होतं.

जिएन बाई मात्र उठल्या नाहीत. त्या रागावतील, आता आपल्याला बोलतील, असं धरून आ-लुआन दाराची कडी धरून उभी होती. बाई रागावल्या नाहीत. टेबलावरच्या गठ्ठ्यातली एक कागदी पिशवी उचलून तिची घडी उलगडून परत घालायचा त्यांनी प्रयत्न केला. ती वाकडी झाली.

“इतके दिवस तुम्ही मला लिहीत होतात, सगळं छान चाललंय म्हणून,” त्या म्हणाल्या.

“होय बाई.”

“आणि मी तुमची उदाहरणं देत हिंडत होते.” त्या स्वतःशीच हसल्या, पण ते हसू काही बरं नव्हतं. “खरं सांगा. मला न सांगितलेलं अजून काही आहे?”

आ-लुआनने मान खाली घातली. ब्रश होते, नाड्या होत्या, भात होता, पाठवलेले सगळे फोटो होते. मुलीला काय येत नाही ते होतं, आणि काय येतं तेही होतं, जे कुणी कधी विचारलंच नव्हतं. तिने दाराची कडी सोडली, खुर्ची ओढून बाईंच्या समोर ठेवली आणि चहाचं आधण टाकायला वळली.

“बसा बाई,” ती म्हणाली. “वेळ लागेल.”